नीट ही बारावीची नाही, 'तेरावी'ची परीक्षा आहे. जव्हार-मोखाड्याची मुलं नेमकी तिथेच अडतात

जून महिन्यात दोन गोष्टी होतात. नीटचा निकाल लागतो आणि जव्हार-मोखाड्यात पाऊस सुरू होतो.

निकाल लागला की मुंबई, पुणे, लातूर, नाशिकमधल्या हजारो घरांत एकच चर्चा सुरू होते. "थोडक्यात हुकलं. अजून एक वर्ष द्यायचं का?" मग क्लासची फी विचारली जाते, हॉस्टेल बघितलं जातं, आणि मुलगी किंवा मुलगा पुन्हा अभ्यासाला बसतो.

मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर हाच प्रश्न विचारायचा म्हटला, तर त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. ते वर्षभर राहायचं कुठं? खायचं काय? शिकवणार कोण? समोर आवणीचे दिवस असतात आणि घरात हातांची गरज असते. त्यामुळे "अजून एक वर्ष" हा विषय बहुतेक वेळा तिथंच संपतो.

जव्हार-मोखाड्यातून डॉक्टर का होत नाहीत, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. मुलं अभ्यासात कमी पडतात, शाळा चांगल्या नाहीत, पालक शिकलेले नाहीत. यातल्या काही गोष्टींत तथ्य असेलही. पण नीटची सगळी वाट नीट तपासली, तर खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी दिसते. ती काय आहे, हे टप्प्याटप्प्यानं समजून घेऊ.

आधी हे सांगा, हा प्रश्न महत्त्वाचा का?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यातले जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या दर दहा माणसांपैकी नऊ जण अनुसूचित जमातीचे आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे सगळे समाज इथं राहतात.

राज्याच्या बातम्यांत हे तालुके बहुतेक वेळा एकाच कारणानं येतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाची बातमी पुन्हा गाजली. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या एका पाड्यावर वेळेआधी प्रसूती झाली, जुळी बाळं दगावली आणि रस्ता नसल्यानं त्या आईला डोलीत घालून न्यावं लागलं.

जव्हारला उपजिल्हा रुग्णालय आहे. लोक त्याला अजूनही 'कुटीर रुग्णालय' म्हणतात. मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण केस गुंतागुंतीची झाली की गाडी नाशिक, ठाणे किंवा सिल्वासाच्या दिशेनं निघते. दुर्गम पाड्यांवर फिरतात ते नवसंजीवनी योजनेतल्या भरारी पथकांचे मानधनावरचे डॉक्टर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जगभरातल्या सरकारांना सल्ला दिला, की ग्रामीण भागात डॉक्टर टिकवायचे असतील तर ग्रामीण भागातली मुलं वैद्यकीय शिक्षणात घ्या. कारण ती परत येण्याची आणि टिकण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे मोखाड्याच्या मुलीला एमबीबीएसची जागा मिळणं ही फक्त तिच्या घरासाठी आनंदाची गोष्ट नाही. त्या पाड्यावरच्या पुढच्या बाळंतपणाशी त्याचा संबंध आहे.

नीटचं गणित काय आहे?

२०१६ पासून देशभर नीट लागू झाली. २०१९ पासून ती नॅशनल टेस्टिंग एजन्सी म्हणजे एनटीए घेते आणि २०२० पासून एम्ससुद्धा तिच्यातच आलं. एमबीबीएस, दंतवैद्यकाची बीडीएस, आयुर्वेदाची बीएएमएस, होमिओपॅथीची बीएचएमएस, सगळ्यांचं दार हेच.

पेपर ७२० गुणांचा. १८० प्रश्न, १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते बघितले जातात. खुल्या गटाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के लागतात, अनुसूचित जमातीला ४० टक्के. त्यापुढं सगळा खेळ नीटच्या गुणांचा.

२०२५ ची नीट ४ मे रोजी झाली. सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले आणि १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दर दहा जणांमागे साधारण एक जागा.

इथंच पहिली फसगत होते. २०२५ मध्ये अनुसूचित जमातीसाठी पात्रतेची रेषा ११३ गुणांवर होती. ७२० पैकी ११३. अनेकांना वाटतं, "नीट पास झालो म्हणजे डॉक्टर झालो." पण पात्र होणं म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं. सरकारी जागा त्याच्यापेक्षा खूप वर संपतात. पात्रतेच्या रेषेवरच्या मुलांना मग एजंटांचे फोन येऊ लागतात. कधी परदेशातलं एमबीबीएस, कधी 'मॅनेजमेंट'ची सीट. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न लाखभरही नाही, तिथं जमीन विकण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. त्यामुळे हा फरक घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून सांगा.

"पण त्यांना तर आरक्षण आहे ना?"

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त येणारी कमेंट हीच. तर आरक्षण म्हणजे नेमक्या किती जागा, ते मोजून बघू.

समजा एका सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. त्यातल्या १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. राज्याकडे राहिल्या ८५. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीला ७ टक्के आरक्षण आहे. ८५ चे ७ टक्के म्हणजे साधारण ६ जागा. अखिल भारतीय कोट्यातली एखादी जागा धरली तरी १०० मागे सात. याउलट २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ९ टक्क्यांहून थोडा जास्त आहे.

या सहा जागांसाठी रांगेत कोण असतं? नंदुरबार, धुळे, नाशिक, नांदेड, यवतमाळ, गडचिरोली, पालघर, सगळीकडची मुलं. आणि त्यांच्यासोबत शहरात वाढलेली, आईवडील नोकरदार असलेली, सातवी-आठवीपासून फाउंडेशन क्लास केलेली त्याच समाजातली मुलंही. त्यांचा हक्क आहेच, त्यात चूक काही नाही. पण मोखाड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीची स्पर्धा खुल्या गटाशी नाही, या मुलांशी आहे, हे कमेंट करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

थोडक्यात, आरक्षण जमातीला आहे, तालुक्याला नाही. पूर्वी महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० असं प्रादेशिक सूत्र होतं. ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. त्या सूत्रातही जव्हार-मोखाडा मुंबई-पुण्यासोबत एकाच गटात होते, त्यामुळे दुर्गम तालुका म्हणून त्यांना वेगळा फायदा तेव्हाही नव्हता.

पहिली अट: भाषा तीनदा बदलायची

पाड्यावरचं मूल घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलतं. शाळेत गेलं की मराठी. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून. मग अकरावीला विज्ञान शाखा घेतली की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची पुस्तकं एकदम इंग्रजीत.

दहावीपर्यंत जे 'त्वरण' होतं ते 'ॲक्सिलरेशन' होतं. 'संवेग' असतो तो 'मोमेंटम' होतो. 'गुणसूत्र' हा शब्द कसाबसा पाठ केलेला असतो, तो 'क्रोमोझोम' बनून समोर येतो. मुलाला संकल्पना येत असते, पण वर्गात ती ओळखू येत नाही. अकरावीचे पहिले सहा महिने यातच जातात. शहरातल्या मुलाचा तेव्हा निम्मा अभ्यासक्रम झालेला असतो.

"मग नीट मराठीतून द्या ना!" पर्याय आहे. नीट १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. पण महाराष्ट्रातून दरवर्षी अडीच लाखांच्या आसपास मुलं नीटला बसतात आणि २०२४ मध्ये मराठी निवडणारे दोन हजारही नव्हते. गुजरातीतून देणारे त्याच वर्षी ५० हजारांहून जास्त होते.

कारण सरळ आहे. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत, ज्यावर नीटचं जीवशास्त्र उभं आहे ती एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी किंवा उर्दूत, सराव परीक्षा इंग्रजीत. दोन वर्षं एका भाषेत शिकून पेपर दुसऱ्या भाषेत देण्यात फायदा काय? शिवाय भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. मराठी पेपरची सोय झाली, पण मराठीतून तयारीची सोय झाली नाही.

दुसरी अट: आणि इथं येते 'तेरावी'

आता मुख्य मुद्दा.

नीट बारावीनंतर लगेच देता येते. पण जागा मिळते ती बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. तमिळनाडू सरकारनं न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. तिच्या २०२१ च्या अहवालात एक आकडा आहे. तमिळनाडूत नीट लागू होण्याआधी, २०१६-१७ मध्ये, एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा प्रयत्न करणारे सुमारे १२ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्के झाले.

हा आकडा तमिळनाडूचा आहे. पण 'रिपीटर बॅच' हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक क्लासच्या फलकावर दिसतो, यावरून इथलं चित्र लक्षात यावं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. त्यामुळे ज्याच्याकडे वर्ष थांबायची ऐपत आहे, त्याचे गुण वाढतात. बारावीनंतरचं हे वर्ष म्हणजेच 'तेरावी'.

सरकारी कागदावर मात्र ही तेरावी कुठंच नाही.

आदिवासी मुलांसाठी योजना नाहीत असं नाही. आश्रमशाळा आहेत, एकलव्य निवासी शाळा आहेत, नामांकित इंग्रजी शाळांत प्रवेशाची योजना आहे. बारावीनंतर शासकीय वसतिगृह आहे. तिथं जागा नाही मिळाली तर राहण्या-खाण्याचे पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. एमबीबीएसला सरकारी जागा मिळाली, तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची फी या शिष्यवृत्तीतून भरली जाते.

पण बारावीनंतरच्या या सगळ्या सोयींना एक सामाईक अट आहे. विद्यार्थी कुठल्या तरी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकत असला पाहिजे. घरी बसून किंवा क्लास लावून नीटची तयारी करणारा मुलगा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. बारावीचा निकाल लागला की वसतिगृहातली खाट जाते, जेवण जाते, शिष्यवृत्ती थांबते. म्हणजे बारावीपर्यंत आधार आहे आणि एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यावरही आधार आहे. मधलं एक वर्ष तेवढं मोकळं, आणि निकाल ठरतो तो त्याच वर्षात.

मग मुलं काय करतात? कुणी वसतिगृह टिकवण्यासाठी बीए-बीएस्सीला नाव घालतं आणि तिथं राहून नीटचा अभ्यास करतं. कुणी नर्सिंगकडे वळतं, कुणी पोलीस भरतीच्या मैदानात उतरतं. दिवाळीनंतर आईवडील 'जगायला' भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा घरच्या लहान भावंडांची जबाबदारी कुणावर येते, हे वेगळं सांगायला नको. अशा घरात 'ड्रॉप घेतलाय' या शब्दांना अर्थच उरत नाही.

तिसरी अट: कागद

गुण मिळाले तरी कागदावर अडकणारी मुलं असतात. इथं चार गोष्टी नीट समजून घ्या.

एक. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता वेगळी. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता प्रमाणपत्र मिळतं ते अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून. राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेशाला हे लागतंच. आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे मागितले जातात आणि ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत गेलंय, तिथं हे पुरावे शोधायला महिने लागतात. त्यामुळे अर्ज अकरावीतच, महाविद्यालयामार्फत करा. निकालानंतर धावपळ करून उपयोग नसतो.

दोन. नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. आडनावात एक अक्षर इकडंतिकडं असेल तरी पडताळणीत अडतं. हे दहावीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त झालं पाहिजे.

तीन. राज्याचा कोटा आणि दहावी-बारावी. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि साधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. जव्हारची हद्द दादरा-नगर हवेलीला लागून आहे. सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण "जवळ आहे" म्हणून कुणी अकरावी-बारावी हद्दीपलीकडे केली, तर महाराष्ट्राचा कोटा हातचा जाऊ शकतो. कोटाला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी देणाऱ्यांनाही हेच लागू. क्लास कुठंही लावा, बारावीचा परीक्षा क्रमांक महाराष्ट्रातला ठेवा.

चार. नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं नाही. निकालानंतर दोन वेगळ्या नोंदण्या असतात. १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या समितीकडे म्हणजे एमसीसीकडे, आणि राज्याच्या जागांसाठी राज्य सीईटी कक्षाकडे. चांगले गुण असूनही दुसरी नोंदणी राहिली, तर राज्याची जागा मिळत नाही. प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात चालतात. तेव्हा मोखाड्याच्या डोंगरात मोबाईलला रेंज आणि घरात वीज असेलच याची खात्री नसते. त्या दिवसांत जव्हार, नाशिक किंवा पालघरला नातेवाईकाकडे राहायची सोय आधीच करून ठेवा.

आणि परीक्षेचा दिवस. पेपर दुपारी २ ला सुरू होतो, पण केंद्राचं फाटक दीडला बंद होतं. त्यानंतर एक मिनिटही उशीर चालत नाही. केंद्र दूरच्या शहरात आलं असेल तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीच जा.

जवळ मेडिकल कॉलेज झालं तर प्रश्न सुटेल?

पालघर जिल्ह्यात आज डहाणू तालुक्यातल्या सासवंदला वेदांता हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते खासगी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात अंबरनाथ आणि नाशिक होतं, गडचिरोली होतं. पालघर नव्हतं.

सरकारी महाविद्यालय यायलाच हवं, कारण त्याच्यासोबत मोठं रुग्णालय येतं. पेशंटला नाशिक-ठाण्याची वाट कमी होईल. पण मोखाड्याच्या मुलीला जागा मिळायला त्याचा थेट उपयोग फारसा नाही. महाविद्यालय कुठंही असलं तरी जागा राज्यभरच्या गुणवत्ता यादीतून भरतात. गावात कॉलेज आलं म्हणून गावच्या मुलांना जागा राखून ठेवली जात नाही.

मग दुसऱ्यांनी काय केलं?

तमिळनाडूनं २०२० मध्ये कायदा केला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पात्र ठरलेल्या मुलांना वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के आरक्षण. हे जातीच्या आरक्षणाच्या आतच, आडवं लागू होतं. म्हणजे प्रत्येक गटात सरकारी शाळेतल्या मुलांसाठी वेगळा वाटा. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. मध्य प्रदेशनं २०२३ मध्ये याच धर्तीवर ५ टक्के ठेवले. आश्रमशाळेतल्या मुलीची शहरातल्या मुलाशी होणारी विषम स्पर्धा यानं थोडी तरी कमी होते. महाराष्ट्रात अशी तरतूद करायची का, यावर निदान चर्चा तरी व्हायला हवी.

छत्तीसगडनं २०१० पासून 'प्रयास' निवासी शाळा सुरू केल्या. नक्षलग्रस्त भागातली मुलं नववीपासूनच तिथं येतात आणि शाळेसोबत स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तयारी बारावीत नाही, नववीत सुरू होते हे त्यांनी मान्य केलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्याचं आहे. बी. जे. मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' नावानं गरीब मुलांना मोफत नीट शिकवायला सुरुवात केली. पुढं मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठीही बॅच घेतल्या. स्वतः नुकतीच परीक्षा दिलेले विद्यार्थीच शिकवतात. मेळघाटातली मुलं हे करू शकतात, तर जव्हारची का नाही, असं कुणीही म्हणेल. फक्त ते एका संस्थेच्या उत्साहावर किती दिवस चालणार, हा प्रश्न राहतोच.

ज्यांना आत्ता तयारी करायची आहे, त्यांनी काय करावं?

आठवी ते दहावी: गणित सोडू नका. विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातले मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी शब्द अशी एक वही करा. अकरावीतले सहा महिने या वहीमुळे वाचतात. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा लहान भावंडांना जरूर द्यायला लावा. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पालघरजवळ माहीमला आहे.

अकरावी: महाविद्यालय निवडताना इमारत बघू नका. भौतिकशास्त्राचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का, प्रयोगशाळा उघडते का, हे आधीच्या वर्षीच्या मुलांना विचारा. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. जीवशास्त्र त्यातूनच, ओळ न् ओळ करा. वैधतेचा अर्ज याच वर्षी.

बारावी: मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा. अनुसूचित जमातीसाठी नीटची फी अलीकडच्या वर्षांत १,००० रुपये आहे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा.

व्हॉट्सॲपवर 'नीटसाठी मोफत टॅब' असा मेसेज आला तर तो कुठल्या संस्थेचा आहे ते बघा. महाज्योतीची टॅब योजना ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांनी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि जव्हारचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्या सूचना बघत राहाव्यात.

गुण कमी पडले तर: एमबीबीएस एकच रस्ता नाही. त्याच गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसच्या फेऱ्या होतात. दंतवैद्यकाची मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर आहे. बीएस्सी नर्सिंगला वेगळी सीईटी असते. भरारी पथकांतून पाड्यापाड्यांवर पोचणारे अनेक डॉक्टर बीएएमएसच आहेत, हे विसरू नका.

आणि तेरावी करायचीच असेल, बीएस्सीला नाव घालून ठेवणार असाल, तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं जमा होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी तो परत लागतो. तो किती दिवसांत मिळतो, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

मग मागायचं काय?

नव्या कॉलेजची मागणी होते, आरक्षणावर भांडणं होतात. पण एक साधी मागणी क्वचितच ऐकू येते. बारावीला ठरावीक गुण मिळवलेल्या आणि नीटच्या पहिल्या प्रयत्नात ठरावीक रेषेपर्यंत पोचलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला एक वर्ष वसतिगृहात राहू द्या. खाट, जेवण, वीज, रेंज आणि शिकवणारं कुणीतरी. इमारती आहेत, खानावळी आहेत, योजनाही आहेत. नियमात 'प्रवेशित विद्यार्थी' या शब्दांच्या पुढं 'किंवा पुनर्परीक्षार्थी' असे दोन शब्द वाढवायचे आहेत.

मोखाड्यातून त्र्यंबकमार्गे जाणारा रस्ता नाशिकला पोचतो. त्याच नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांच्या पदवीवर त्याचंच नाव असतं. इथले पेशंट वर्षानुवर्षं या रस्त्यानं जातात. त्यांच्या मुलांना त्याच रस्त्यानं शिकायला जाता यावं म्हणून एक वर्ष थांबायची सोय करणं, हे काही फार मोठं मागणं नाही.